हाडं किती, फूट किती

फायबरच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी फूट सांगतं, प्राणी मागाहून. "वीस फुटी डायनासोर", "तीस फुटी शार्क", "गेटवर लांबून दिसेल असं काहीतरी". गोखिवऱ्याला रेंज ऑफिसच्या बाजूला माझा गाळा आहे. जे. जे.मध्ये शिल्पकला शिकून बाहेर पडल्यावर बरीच वर्षं मालिका-सिनेमांच्या सेटवर खांब, तोफा, देवळांची शिखरं केली. पुढे शाळा, विज्ञान उद्यानं आणि रिसॉर्टवाल्यांसाठी लुप्त झालेल्या प्राण्यांच्या प्रतिकृती करू लागलो, आणि त्यातही मन रमलं ते समुद्रातल्या सरीसृपांत. इक्थिओसॉर, प्लायोसॉर, मोसासॉर. लोक यांना सरसकट डायनासोर म्हणतात, पण ते डायनासोर नव्हेत. जमिनीवरून पुन्हा पाण्यात उतरलेली ही वेगळी कुळं.

या कामात सगळ्यात अवघड काय, असं कुणी विचारलं तर मी दात किंवा डोळे सांगत नाही, लांबी सांगतो. शोधनिबंधात '१० ते १४ मीटर' असं लिहिता येतं, लोखंडाचा अँगल मात्र एकाच मापाला कापावा लागतो. सांगाडा वेल्ड झाला, त्यावर थर्माकोलचे ठोकळे बसले, माती चढली, की त्या प्राण्याची लांबी माझ्यापुरती ठरून गेली. आणि पुढे हजारो मुलं ती खरी मानणार असतात.

काही वर्षांपूर्वी एका उद्यानासाठी विचारणा आली. समुद्री राक्षस हवा होता, भारतातला हवा होता आणि साठ फुटी हवा होता. भारतातला म्हटल्यावर मी कच्छचं नाव घेतलं. भूजजवळच्या लोडाई गावाच्या दक्षिणेला, कात्रोल प्रस्तरसमूहातल्या सुमारे पंधरा कोटी वर्षं जुन्या खडकात एक इक्थिओसॉर सापडला. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. जी. व्ही. आर. प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ऑफ्थॅल्मोसॉर कुळातला, मोठ्या डोळ्यांचा प्राणी. जुरासिक काळातला इक्थिओसॉर भारतात मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. आणि लांबी? पाच ते साडेपाच मीटर. म्हणजे जास्तीत जास्त अठरा फूट.

"अठरा फुटांत काय मजा?" असं समोरून उत्तर आलं. मी समजावू पाहिलं, नकाशा दाखवला, चित्रं दाखवली. ते काम शेवटी दुसरीकडे गेलं. मला त्या पैशांपेक्षा एक गोष्ट लागली. हा साडेपाच मीटरचा आकडा कुठून आला, हे समोरच्या माणसाला जाणून घ्यावंसंच वाटलं नव्हतं. त्या आकड्यामागचं काम मला फार मोलाचं वाटतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

लोडाईचा प्राणी खडकात जुळलेल्या अवस्थेत पडलेला होता. मणके एकामागे एक, बरगड्या जागच्या जागी, पुढचं वल्हं शाबूत. पण तोंडाचा काही भाग नव्हता आणि शेपटीचं टोकही नव्हतं. इक्थिओसॉरचा कणा शेपटीत एका जागी खाली वाकतो. त्या वाकणाच्या पुढचे बारीक मणके तिथे नव्हतेच. शास्त्रज्ञांनी जे मिळालं ते मोजलं आणि जे गेलं त्याचा हिशेब त्याच कुळातल्या इतर सांगाड्यांवरून लावला. म्हणूनच आकडा एक नाही, 'पाच ते साडेपाच' आहे.

हे मुलांना, म्हणजे माझ्या हाताखालच्या पोरांना, दाखवायला मी गाळ्याच्या कोब्यावर तो प्राणी पूर्ण मापात आखला. जेवढी हाडं मिळाली तेवढा भाग पांढऱ्या खडूने, अंदाजाचा भाग गेरूने. पोरं पेणच्या गणपती कारखान्यांत वाढलेली, नजर तयार. एक जण लगेच म्हणाला, "दादा, यात लाल कमीच आहे." तेच तर बघायचं होतं. कच्छच्या प्राण्यात गेरू फक्त दोन टोकांना येतो. मधलं सगळं पांढरं. तेव्हापासून प्रत्येक कामाआधी आम्ही असं पांढरं-लाल चित्र काढतो, आणि मगच लोखंड आणायला जातो.

मग इंग्लंडच्या इक्थिओटायटनची पाळी आली. २०१६ मध्ये सॉमरसेटच्या किनाऱ्यावर पॉल द ला साल यांना एका प्रचंड जबड्याचे तुकडे मिळाले. २०२० मध्ये जवळच दुसऱ्या किनाऱ्यावर रुबी रेनॉल्ड्स ही अकरा वर्षांची मुलगी आणि तिचे वडील जस्टिन यांना तसेच, पण चांगले टिकलेले तुकडे सापडले. २०२४ मध्ये डीन लोमॅक्स यांच्या गटाने त्याला नाव दिलं. खालच्या जबड्याच्या मागच्या भागातलं ते एकच हाड दोन मीटरहून लांब. नातेवाईक इक्थिओसॉरांत हे हाड अंगाच्या किती पट लहान असतं ते बघून त्यांनी लांबी काढली, सुमारे पंचवीस मीटर. हाडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर मरताना प्राणी अजून वाढतच होता असं दिसलं.

पंचवीस मीटर म्हणजे ब्याऐंशी फूट. माझ्या गाळ्यात मावणं शक्य नव्हतं. शटर उघडून आखणी बाहेरच्या रस्त्यापर्यंत नेली. समोरच्या गाळ्यातले कामगार चहाचा ग्लास हातात धरून बघत उभे. त्या ब्याऐंशी फुटांत पांढरा खडू लागला तो जबड्यापाशी, सातेक फुटांपुरता. बाकी सगळा गेरू. मी याने निराश झालो नाही, उलट भारावून गेलो. एका हाडावरून इतक्या दूरचा प्राणी उभा करता येतो, आणि उभा करणारी माणसं आपल्या निबंधात स्पष्ट लिहितात की हा अंदाज आहे, अधिक हाडं मिळाली तर बदलेल. हा प्रामाणिकपणा बातमीत येईपर्यंत गळून पडतो, एवढंच माझं दुःख आहे.

एका हाडावरून अख्खं अंग कसं ओळखतात, हे मला कुठल्या पुस्तकाआधी वसईच्या बाजारात कळलं होतं. पाचूबंदरकडून मासळी आणणाऱ्या एक मावशी नुसतं घोळीचं डोकं पाहून मासा किती किलोचा होता ते सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत. त्यांनी शेकडो घोळी अख्ख्या पाहिल्यात, म्हणून. पण समजा, डोकं वाकटीसारख्या लांबलचक माशाचं आहे आणि आपण ते घोळीचं समजून चाललो, तर अंदाज पार कोसळेल. जीवाश्मांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. डोक्याला किती पट करायचं हे ठरतं आपण कुठल्या नातेवाइकाचा पूर्ण सांगाडा पाहिलाय त्यावर. तो नातेवाईक चुकीचा निवडला, किंवा त्याचाच सांगाडा अर्धा प्लास्टरचा असला, की पुढची सगळी मापं बिघडतात.

प्लास्टरचं म्हणतो ते उगाच नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून हार्वर्ड विद्यापीठाच्या मोहिमेने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रोनोसॉरस या प्लायोसॉरचा सांगाडा नेला. तो बोस्टनजवळ केंब्रिजच्या संग्रहालयात उभा राहिला १९५० च्या दशकाअखेर, आणि त्याचा मोठा भाग, साधारण एक तृतीयांश, प्लास्टरचा होता. हाडं इतकी झिजलेली होती की त्याशिवाय उभा करणं कठीणच होतं. लांबी बेचाळीस फूट. पुढे २००९ मध्ये कॉलिन मॅकहेन्री यांनी या प्राण्याची सगळी उपलब्ध हाडं पुन्हा मोजली, तेव्हा लक्षात आलं की कणा गरजेपेक्षा जास्त मणक्यांचा केला होता. क्रोनोसॉरसची खरी लांबी साडेदहा मीटरच्या आसपास, म्हणजे पस्तीसेक फूट. मी हा सांगाडा फोटोतच पाहिलाय. पण घडवणाऱ्याच्या नजरेने पाहतो तेव्हा त्या कारागिरांबद्दल आदरच वाटतो. त्यांनी फक्त एक करायला हवं होतं. प्लास्टरचा रंग हाडापेक्षा वेगळा ठेवायला हवा होता.

प्लायोसॉरांचं डोकं अंगाच्या एक सप्तमांश असतं असं १९६० च्या सुमाराला टार्लो यांनी मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासात ते प्रमाण एक पंचमांशाजवळ आलं. हिशेब करून बघा. लायोप्ल्युरोडॉनची मोठ्यातली मोठी कवटी दीड मीटरची. सातने गुणलं तर साडेदहा मीटर, पाचने गुणलं तर साडेसात. कवटी तीच, फरक तीन मीटरचा. आणि बीबीसीच्या १९९९ च्या 'वॉकिंग विथ डायनासोर्स' या मालिकेत हाच प्राणी पंचवीस मीटरचा दाखवला होता! त्या मालिकेवर वाढलेली पिढी आज उद्यानांच्या ऑर्डरी देते. त्यांना साडेसात मीटर सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

मोसासॉरचंही तसंच. रशियातल्या पेन्झा इथे मिळालेला मोसासॉरसचा खालचा जबडा १७१ सेंटिमीटरचा. जबड्याच्या दहापट लांबी, हे जुनं प्रमाण लावून २०१४ मध्ये ग्रिगोरिएव्ह यांनी १७ मीटर काढले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने म्हटलं, दहापट जास्त होते, कवटीच्या सातपट धरा. त्या हिशेबाने मोठा मोसासॉरस अकरा मीटरच्या पुढेमागे येतो. मला विचाराल तर मी सातच्या बाजूचा. पण माझं मत महत्त्वाचं नाही. माझ्या फलकावर दोन्ही आकडे असतात, आणि मी कुठला धरून लोखंड कापलं तेही असतं.

आता मणके. डोकं मिळालं नाही आणि मणकेच मिळाले, असं फार वेळा होतं. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनजवळच्या शेतजमिनीतून मिळालेले प्लायोसॉरच्या मानेचे चार मणके घ्या. २०२३ मधल्या निबंधात डेव्हिड मार्टिल आणि सहकाऱ्यांनी त्यावरून ९.८ ते १४.४ मीटर असा पल्ला दिला. मणक्याची रुंदी मोजायची, तोच मणका असलेल्या चांगल्या सांगाड्याशी ताडायची. पण मानेतला तो नक्की कितवा मणका? एखाद-दोन जागा पुढेमागे झाल्या तरी आकडा हलतो. शिवाय मणक्यांच्या मध्ये कूर्चेच्या चकत्या असतात, त्या दगडात उरत नाहीत. फटी किती ठेवायच्या? सांगाड्यात एकशेवीस मणके असतील आणि प्रत्येक फट अर्धा सेंटिमीटर वाढवली, तर प्राणी साठ सेंटिमीटरने लांब होतो. कोब्यावर मणके मांडताना हा खेळ डोळ्यांसमोर घडतो. कुणी खोटं काही केलेलं नसतं, नुसत्या फटी सरकतात.

आणि जिथे हाडच नसतं तिथे काय करायचं? इक्थिओसॉरच्या पाठीवरचा पर आणि शेपटीची वरची पाकळी यांत हाड नव्हतं. ती होती हे आपल्याला कळलं जर्मनीतल्या होल्त्समाडेनच्या काळ्या पाटीच्या खडकात उमटलेल्या कातडीच्या आकारांमुळे. देवमाशाची शेपटी आडवी असते, इक्थिओसॉरची माशासारखी उभी. शेपटी आडवी केलेला इक्थिओसॉर मी एका गावी पाहिला आहे, रंगकाम सुंदर होतं, तरी पाहवला नाही.

आपल्याकडच्या अगदी ताज्या अंदाजाचं उदाहरण सागरी नाही, पण धडा तोच. कच्छमधल्याच पानंध्रो लिग्नाइट खाणीतून मिळालेल्या २७ मणक्यांवरून आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी २०२४ मध्ये 'वासुकी इंडिकस' हा साप जगापुढे आणला. दोन पद्धतींनी लांबी काढली. एकीने सुमारे ११ ते १२ मीटर, दुसरीने साडेचौदा ते पंधरा. निबंधात दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मी वाचलेल्या बातम्यांच्या मथळ्यांत उरले ते फक्त पंधरा. आठवडाभरात "पन्नास फुटी वासुकी कराल का?" असे फोन सुरू झाले.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. एक हाड एका जिवाचं माप सांगतं, जातीचं नाही. २०१५ मध्ये रायगडात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर निळा देवमासा वाहून आला होता, बेचाळीस फुटांचा. निळे देवमासे तीस मीटरच्या घरात जातात, तेव्हा तो पिल्लूच म्हणायचा. उद्या जगात त्या एकाचाच सांगाडा उरला, तर पुढची माणसं निळा देवमासा केवढा मानतील? हे उलट बाजूनेही खरं आहे. एखादं असामान्य मोठं हाड मिळालं तर ती जात सरसकट तेवढीच होती असं होत नाही.

लांबीची एवढी काळजी का, याला गाळ्यातलंही एक कारण आहे. अठरा फुटांचा इक्थिओसॉर साठ फूट करायचा म्हटलं तर लांबी सव्वातीन पटीहून थोडी जास्त होते. पण कातडीचं क्षेत्रफळ होतं अकरा पट, म्हणजे मॅट आणि रेझिन अकरा पट. आणि जिवंत प्राण्याचं वजन? सदतीस पट. लांबी वाढली की वजन घनात वाढतं, त्याबरोबर त्याची भूक, श्वास, पोहण्याचा वेग, सगळं बदलतं. लांबी ताणून तो 'मोठा' होत नाही, तो दुसराच प्राणी होतो, आणि तसा प्राणी कच्छच्या समुद्रात होता याला कुठलाही पुरावा नाही.

शाळांच्या सहली गाळ्यात येतात. मुलांचा पहिला प्रश्न, "हा आपल्या वसईच्या समुद्रात होता का?" मी त्यांना मागच्या दारातून तुंगारेश्वर दाखवतो. हा डोंगर लाव्हाचा, दख्खनच्या काळ्या दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास महाराष्ट्रभर हा लाव्हा वाहत होता, आणि जवळपास त्याच सुमारास जगातल्या समुद्रांतून मोसासॉर आणि प्लेसिओसॉर नाहीसे झाले. इक्थिओसॉर तर त्याच्याही बरेच आधी, नऊ कोटी वर्षांपूर्वी संपले होते. आपल्या दगडात त्यांची हाडं मिळायची नाहीत. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याचा गाळ साचला, त्यातून मुंबईच्या वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म मिळालेत, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. बेडूक म्हटल्यावर मुलांचे चेहरे पडतील असं वाटतं, पण तसं होत नाही. वरळी त्यांना माहीत असते. बेडूकही. एकाने विचारलं, "मग त्याची लांबी कशी मोजली?" मी सांगितलं, तो अख्खा मिळाला, म्हणून पट्टी लावून मोजली.

लोडाईचा इक्थिओसॉर पुढे एका शाळेसाठी केला, साडेपाच मीटर, एक इंचही जास्त नाही. पावसाळ्यात काम आलं. दमट हवेत रेझिन लवकर सुकत नाही, मॅटखाली पांढरट धुकं राहतं, म्हणून हॅलोजन लावून रात्री थांबायला लागलं. तोंडाचं टोक आणि शेपटीची पाकळी किंचित वेगळ्या छटेत रंगवली. दुरून कळत नाही, जवळ गेलं की दिसतं. शेजारी फलक लावला. त्यावर पांढऱ्या-लाल रंगातलं तेच कोब्यावरचं चित्र, मिळालेली हाडं, अंदाजाचा भाग, आणि 'पाच ते साडेपाच मीटर'. तिथल्या बाई सांगतात, मुलं आधी प्राण्यावर हात फिरवतात आणि मग लाल भाग कुठे सुरू होतो ते शोधतात.

अशी कामं काढणाऱ्या मुख्याध्यापकांना, नगरपालिकांच्या अभियंत्यांना, उद्यानवाल्यांना माझी विनंती आहे. टेंडरमध्ये नुसते फूट लिहू नका. कुठला जीवाश्म, किती हाडं, अंदाजाचा पल्ला केवढा, आणि त्यातला कुठला आकडा धरायचा, या चार ओळी लिहा. दोन बाय तीन फुटांच्या फलकासाठी जागा सोडा. गोखिवऱ्याच्या गाळ्यातून प्रतिकृती निघते तेव्हा हा फलक टेम्पोत तिच्याबरोबरच जातो, आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही.